डाव्या कव्हरला कोणी पळवत नाही

बारावीचा निकाल लागला की आमच्या जिमखान्यातला फोन दोन्ही बाजूंनी तापतो. ज्यांना कुठेच प्रवेश मिळत नाही त्यांचे फोन येतात, आणि ज्यांनी आमच्याकडे यावं असं आम्हाला वाटतं त्यांना आम्ही फोन करतो. पहिल्यांना नाही म्हणताना जिवावर येतं. दुसरे आम्हाला नाही म्हणायला फारसा वेळ घेत नाहीत. "सर, विचार करून सांगतो," असं म्हणाला की समजायचं, पोरगा दादरच्या गाडीत बसला.

मी कॉलेजात कबड्डी शिकवतो. राहतो खरवईत, बदलापूर पूर्वेला. कॉलेज याच पट्ट्यातलं, बदलापूर, अंबरनाथ आणि उल्हासनगरच्या पोरांनी भरलेलं. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन कबड्डीत काही कॉलेजं दर वर्षी शेवटच्या चारांत असतातच. विद्यापीठाच्या निवड चाचणीला त्यांची पोरं एकमेकांना टोपणनावाने हाक मारत येतात. दुसऱ्या टोकाची कॉलेजं स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात कॅन्टीनमधून बारा जण गोळा करतात, पहिल्याच सामन्यात दोन लोण खातात, म्हणजे दोनदा अख्खा संघ बाद, आणि दुपारच्या गाडीने घरी जातात. आम्ही या दोघांच्या मधले. आमच्यापुढे कोणी घाबरत नाही, पण आमचा सामना पडला की समोरचा प्रशिक्षक आपली पहिली सात पोरं बसवूनही ठेवत नाही. एवढी पत आम्ही कमावली आहे, आणि ती कशी कमावली यावर माझी काही मतं आहेत.

खरवई आता टॉवरांचं गाव झालं आहे. एमआयडीसीतल्या कंपन्या आहेतच. रात्री वारा फिरला की त्यांचा वास खिडकीतून आत येतो आणि नवीन राहायला आलेली माणसं सोसायटीच्या ग्रुपवर तक्रार टाकतात. पण टॉवरांच्या मागे जुनं गाव आहे, आणि जुवेली, आंबेशिव, मुळगाव, एरंजाड, सोनिवली या सगळ्या गावांत कबड्डी आहे. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी पोरांना ती शिकवावी लागत नाही. पावसाळा सरला, भात कापून झालं की मोकळ्या शेतात नाहीतर देवळापुढच्या पटांगणात माती ओढायची, हॅलोजन लावायचे, आणि कुणाच्या तरी नावाचा चषक ठेवून रात्रभर सामने. माइकवरचा निवेदक खेळाडूंपेक्षा जास्त दम लावतो. बाहेरून आणलेल्या पाहुण्या खेळाडूंना मानधन मिळतं, जेवण मिळतं, आणि जिंकले तर मिरवणूकसुद्धा. आमची खेळाडूंची बाजारपेठ ही. महाविद्यालयीन खेळाची इमारत विद्यापीठात असेल, पण तिचा पाया या पटांगणांत आहे.

सुरुवातीची काही वर्षं मीही तिथे चढाई बघायला जात असे. सगळेच जातात. गर्दी चढाईला टाळ्या वाजवते, व्हिडिओ चढाईचे निघतात, आणि ज्याने एका चढाईत तिघांना बाद केलं त्याचं नाव सकाळपर्यंत कर्जतपासून कल्याणपर्यंत पोहोचतं. अशी पोरं आम्ही आणली. फीचे हप्ते करून दिले, बूट दिले, सकाळी अंडी-केळी दिली. पोरगा प्रथम वर्षाला आमच्याकडून खेळला, विभागीय स्पर्धेत चमकला आणि द्वितीय वर्षाला मुंबईच्या एका मोठ्या कॉलेजात गेला. तिथे राहण्याची सोय, पूर्ण फी माफ, शिवाय दादर-परळच्या एखाद्या नावाजलेल्या क्लबमध्ये सराव. मी रागावलो नाही असं नाही. पण त्या पोराच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. गिरणगावात कबड्डीचं जे जाळं शंभर वर्षांत विणलं गेलं, त्यातून माणूस कंपनीच्या संघात जातो आणि कंपनीच्या संघातून घर चालतं. भारत पेट्रोलियम, महिंद्रा, मध्य रेल्वे ही नावं आमच्या पोरांना पाठ्यपुस्तकातल्या राजांपेक्षा जास्त पाठ आहेत. तिथपर्यंतचा रस्ता मुंबईतून लवकर गाठता येतो, हे खोटं कसं म्हणायचं?

तेव्हा प्रश्न असा होता की चढाईपटू जर जाणारच, तर संघ कशाच्या भरवशावर उभा करायचा?

उत्तर मला कोणी पुस्तकात दिलं नाही, मैदानावरच मिळालं. एका रात्रीच्या स्पर्धेत मी बराच वेळ एका मुलाकडे बघत राहिलो. त्याने एकही गुण स्वतःच्या नावावर घेतला नव्हता. डावीकडून तिसरा, म्हणजे डावा कव्हर. चढाईपटू आला की बाकीचे सहा त्याच्या हाताकडे, चेहऱ्याकडे बघायचे. हा एकटा त्याच्या कमरेकडे बघायचा. कोपऱ्यातल्या मुलाने घोट्याला हात घातला की हा पुढच्याच क्षणी छातीने आडवा. निवेदक कोपऱ्यातल्या मुलाचं नाव घ्यायचा, टाळ्या त्याला पडायच्या, आणि हा उठून मांडीवरची माती झटकत पुन्हा आपल्या जागी. त्याला कुठल्याच कॉलेजने विचारलं नव्हतं. बारावीला जेमतेम पन्नास टक्के. वडील रिक्षा चालवतात. मी दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो.

कबड्डी ज्यांनी फक्त टीव्हीवर पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. पुरुषांचं मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. सात जण बचावाला. दोन्ही टोकांना कोपरे, त्यांच्या आतल्या अंगाला इन, मग दोन कव्हर, आणि मधोमध सेंटर. कोपरा पकड सुरू करतो, कव्हर ती पूर्ण करतो. कोपऱ्याने घोटा धरला आणि कव्हर अर्धा सेकंद उशिरा आला तर चढाईपटू लंगडत का होईना, मधली रेषा गाठतो आणि दोघांना घेऊन जातो. कव्हर अर्धा सेकंद लवकर सुटला तर चढाईपटूला तो दिसतो, तो मागे सरकतो, आणि कोपरा हवेत हात घालून पडतो. तो अर्धा सेकंद शिकवता येत नाही. दोघांनी रोज एकाच बाजूला उभं राहून तो अंगात मुरवावा लागतो. कोपऱ्याचा खांदा थोडा खाली गेला की कव्हरला कळायला हवं, हा आता जाणार. आमच्या अनुभवात याला दीड-दोन वर्षं लागतात.

चढाईपटू एकटा असतो. तो आज इथे, उद्या तिथे, त्याचा खेळ त्याच्या पायांत असतो आणि तो पायांबरोबर जातो. कव्हरचा खेळ निम्मा शेजाऱ्याच्या अंगात असतो. त्याला एकट्याला उचलून नेलं तर नेणाऱ्याच्या हाती अर्धाच खेळाडू लागतो. म्हणूनच डाव्या कव्हरला कोणी पळवत नाही. मधल्या फळीतल्या कॉलेजसाठी यासारखी चांगली बातमी नाही.

मग आम्ही सगळं त्या बाजूने वळवलं. कोणाला घ्यायचं हे कसं शिकवणार त्यावर ठरायला लागलं. पूर्वी उलटं होतं, जो मिळेल त्याच्याभोवती खेळ रचायचा आणि तो गेला की पुन्हा शून्यावर. आता सरावाला पहिला तासभर चेंडूसारखं इकडून तिकडे पळणं नाही, की चढाईच्या नकला नाहीत. मॅटचे चौकोनी तुकडे पोरं स्वतः आणून दातऱ्यात दातरा अडकवून बसवतात. उन्हाळ्यात त्या रबराचा वास घामाच्या वासापेक्षा जास्त डोक्यात जातो. मग कोपरा-कव्हरच्या जोड्या. एक चढाईपटू बोनस घेण्याची हूल देत राहतो आणि कोपऱ्याने काहीही करायचं नाही. फक्त उभं राहायचं. वीस वर्षांच्या मुलाला समोरून पाय येत असताना हात न घालता उभं राहायला लावणं हे प्रशिक्षणातलं सगळ्यात अवघड काम आहे. सहा किंवा सात जण मैदानात असताना बोनसचा एक गुण गेला तर जाऊ दे, तो महाग नाही. त्यासाठी झेपावून बाद झालास आणि मागून आणखी दोघं गेले तर लोण जवळ येतो. हे बोलून कळत नाही. हजार वेळा उभं राहून कळतं.

दुसरी गोष्ट, तिघांचा सराव. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. मोठ्या संघांची पोरं ही वेळ आली की खचतात, कारण त्यांच्यावर ती क्वचित येते. आमच्यावर ती दर सामन्यात येते. तेव्हा आम्ही आठवड्यातले दोन दिवस फक्त तिघंच उभे करतो. एका उपउपांत्य सामन्यात, नावाजलेल्या संघापुढे, उत्तरार्धात आमचे तीनच उरले होते आणि लोण समोर दिसत होता. डावा कोपरा, डावा कव्हर आणि एक उजवा इन. त्यांचा सगळ्यात भारी चढाईपटू आला, सरळ डावीकडे गेला, कारण पूर्वार्धात तिथूनच गुण मिळाले होते. आमचा कोपरा हलला नाही. चढाईपटूने बोनसरेषेकडे पाय टाकल्यासारखं केलं. तिघांत बोनस नसतोच, ती निव्वळ सवय. तेवढ्यात घोटा गेला, आणि कव्हर त्याच्या कमरेवर होता. दोन गुण. पुढच्या चढाईतही तेच, फक्त यावेळी कव्हरने आधी डॅश मारला. तो सामना आम्ही काढला. पुढचा हरलो, तेही सांगून टाकतो.

हे मला सुचलेलं काही अद्भुत नाही. ज्यांच्याकडे पैसा आहे तेही शेवटी इथेच येतात. २०१४ साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आमच्या पोरांना फक्त चढाईपटू व्हायचं होतं. दुसऱ्या हंगामात इराणचा फझल अत्राचली यू मुंबाकडे आला, संघ जिंकला, आणि डावा कोपरा ही गल्लीतली मानाची जागा झाली. २०१८ला त्याच फझलला यू मुंबाने एक कोटीला घेतलं. २०२३च्या लिलावात इराणच्याच मोहम्मदरेझा शादलूला पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख मोजले. पण त्या हंगामाचं विजेतेपद पुण्याला एकट्या शादलूने दिलं असं मी म्हणणार नाही. कर्णधार होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, आणि त्याच्यासारखी बरीच पोरं त्या संघाने लहान वयात घेऊन घडवली होती. महागडा कोपरा आणला तो आधीच एकमेकांना ओळखणाऱ्या पोरांच्या शेजारी. लिलावाची बातमी होते, शेजाऱ्याची होत नाही.

माझा भाचा अमेरिकेत शिकत होता तेव्हा त्याने मला तिथल्या कॉलेज फुटबॉलचं वेड लावलं. नावात फूट असलं तरी खेळ बहुतांशी हाताने, पण ते सोडा. आयडाहोतलं बॉयसी स्टेट नावाचं विद्यापीठ, मोठ्या साखळीतलं नव्हे, आपल्यासारखं मधलं. १ जानेवारी २००७ला त्यांनी ओक्लाहोमासारख्या बलाढ्य संघाला जादा वेळेत ४३-४२ असं हरवलं. नंतर त्यांच्याकडे केलन मूर नावाचा क्वार्टरबॅक आला. वॉशिंग्टन राज्यातल्या छोट्या गावातला, उंचीने कमी, पळण्यात हळू. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसं बघितलं नाही. त्याने सुरुवातीपासून खेळलेल्या ५३ सामन्यांपैकी ५० जिंकले. मला यात मूरपेक्षा त्यांचा मुख्य प्रशिक्षक ख्रिस पीटरसन जास्त भावला. मोठ्या ठिकाणांहून त्याच्या नावाची विचारणा होत असतानाही तो २००६ ते २०१३ तिथेच टिकला, ९२ जिंकले, १२ हरले. मग तोही गेलाच, वॉशिंग्टन विद्यापीठात. अमेरिकेत आता खेळाडूंनी विद्यापीठ बदलणं फार सोपं झालं आहे आणि २०२१पासून त्यांना स्वतःच्या नावावर पैसेही मिळवता येतात. ऐकून मला जुवेलीचं पटांगण आठवलं. पाहुण्या खेळाडूचं मानधन आपल्याकडे केव्हापासून चालू आहे, फक्त त्याचा कोणी कायदा केला नव्हता.

प्रशिक्षक टिकणं हा भाग आपल्याकडे कोणी मोजतच नाही. बऱ्याच कॉलेजांत कबड्डीचा प्रशिक्षक मानधनावर असतो, स्पर्धेपुरता. ऑगस्टमध्ये येतो, डिसेंबरात जातो, पुढच्या वर्षी दुसराच असतो. दोन वर्षांत मुरणारी जोडी चार महिन्यांच्या माणसाने कशी घडवायची? माझं बरं आहे, मी कायम आहे आणि गावातच राहतो. सकाळी दूध आणायला गेलो तरी कुणाचा तरी बाप भेटतो आणि सांगतो, "सर, पोऱ्या काल रातच्याला उशिरा आला, जरा बघा." निवड, प्रशिक्षण आणि चौकशी ही तीन वेगळी खाती माझ्याकडे नाहीतच.

घरी जाणं हे खरं काम. त्या कव्हरच्या आईने मला चहा दिला आणि विचारलं, "सर, खेळून काय मिळल त्याला?" या प्रश्नावर बरेच प्रशिक्षक नोकरीचं आश्वासन देऊन मोकळे होतात. मी देत नाही. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण ते आंतरमहाविद्यालयीन प्रमाणपत्रावर मिळत नाही. त्यासाठी त्याहून वरच्या, मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. कंपन्यांचे संघही पूर्वीसारखे राहिले नाहीत. देना बँक कबड्डीपटूंना घेत असे. २०१९मध्ये ती बँकच बँक ऑफ बडोदात विलीन झाली. मी त्या वहिनींना एवढंच सांगितलं की फीचा भार हलका करू, परीक्षेत खेळाच्या सवलतीचे गुण मिळतील ते मिळतील, आणि पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीला याचा पाय तयार राहील. "आणि तो तीन वर्षं कॉलेजात येईल, हे मी बघतो." त्यांना शेवटचं पटलं. बाकीच्या गोष्टी त्यांनी ऐकून घेतल्या.

तीन वर्षं येईल हे बघणं म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळत नाही. ७५ टक्के हजेरी. एटीकेटी. एमआयडीसीत कंत्राटी काम मिळालं की पोरगा रात्रपाळी करतो आणि सकाळी सरावाला डोळे चोळत येतो; त्याला मॅटवर उतरवायचा की जिमखान्यातल्या बाकावर झोपवायचा हे रोज ठरवावं लागतं. मी बहुधा झोपवतो. कुमार गटाच्या वजनासाठी पोरं दोन-दोन दिवस उपाशी राहतात, त्यांना बोलून जेवायला घालावं लागतं. अकाउंटन्सीच्या मॅडमना विनवून जादा तास लावून घ्यावे लागतात. मॅडम एकदा म्हणाल्या, "तुमच्या कबड्डीमुळे माझा निकाल सुधारला." त्या हसत होत्या, पण खोटं बोलत नव्हत्या. विषय सुटले नाहीत की पोरगा कॉलेज सोडतो, आणि पोरगा गेला की जोडी फुटते. आमच्या संघाच्या बचावाची सुरुवात अकाउंटन्सीपासून होते असं मी जिमखाना समितीच्या बैठकीत म्हणालो होतो, तेव्हा सगळ्यांना तो विनोद वाटला.

मुलींच्या संघाचं गणित आणखी वेगळं. तिथे भरती आम्ही करत नाही, कर्णधाराची आई करते. संध्याकाळी सहानंतर सराव नाही, घरी सोडायला कोण येणार ते आधी ठरलेलं, स्पर्धा लांब असेल तर सोबत एक मावशी. एवढं झालं की पोरी येतात आणि मुलांपेक्षा नियमित येतात. त्यांचा बचाव मुलांच्या आधी बसला, कारण कोणी गेलंच नाही.

आता पुन्हा प्रवेशाचे दिवस आहेत. २०२४-२५पासून नव्या धोरणात पदवीला चौथं वर्ष आलं आहे. आंतरविद्यापीठ स्पर्धेला वयाची मर्यादा पंचविशीची, म्हणजे माझ्या दृष्टीने जोडीला एक वर्ष जास्त. किती पोरं थांबतील हा प्रश्न वेगळा, घरच्यांना चौथ्या वर्षात पगार दिसत नाही.

आणि गेल्या महिन्यात एक फोन आला. मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजचे प्रशिक्षक, ओळखीचे. म्हणाले, "तुमचा डावा कोपरा तिसरं वर्ष पास झाला ना? आम्हाला एम.कॉम.ला हवा आहे." मी म्हटलं, विचारा त्याला. दोन दिवसांनी पुन्हा फोन. कोपऱ्याने त्यांना सांगितलं होतं, कव्हरला घेत असाल तर येतो. आणि ते घ्यायला तयार होते! इतक्या वर्षांत कव्हरसाठी कोणी मला फोन केला नव्हता. दोघांची शिफारसपत्रं मी लिहून दिली. कव्हरचं पत्र लिहायला जास्त वेळ लागला, कारण त्याच्या नावावर दाखवायला गुण फारसे नव्हते आणि कमरेकडे बघतो हे पत्रात कसं लिहायचं ते समजेना. तरी लिहिलं.

आमच्या डाव्या बाजूला आता दोन जागा रिकाम्या आहेत. आंबेशिवचा एक मुलगा दिवाळीनंतरच्या सामन्यांत दोनदा बघितला आहे. उंच आहे, घाई करतो, पण बाद झाल्यावर शेजाऱ्याला शिव्या देत नाही. बारावीला एक विषय राहिलाय. रविवारी त्याच्या घरी जाणार आहे, फेरपरीक्षेचा अर्ज सोबत घेऊन.